टॉन्सिल : ताप उतरल्यावर

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२१ चा फेब्रुवारी इथे बसलेल्यांपैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. महाराष्ट्रातली करोनाची दुसरी लाट आधी आपल्याकडे, अमरावती आणि अकोल्यात, वर आली. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. चौकाचौकात पिशव्या घेऊन निघालेल्या माणसांना थांबवून रॅपिड चाचण्या होत होत्या, गाडगेबाबा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुन्यांची रीघ लागली होती आणि शेंबूड पुसता न येणारी पोरंसुद्धा 'माझा स्वॅब झाला' असं सांगत होती. घसा दुखला की त्यात काडी घालून काय आहे ते बघता येतं, एवढी गोष्ट या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक घराला तेव्हा कळली.

मग लाट ओसरली आणि ती काडी पुन्हा कपाटात गेली. आज अमरावतीत किंवा अकोल्यात शाळकरी पोराचा घसा दुखतो, ताप चढतो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, तेव्हा त्या घशाचा नमुना किती वेळा तपासला जातो? मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, माझ्या टेबलावर रोज जुन्या चिठ्ठ्यांची थप्पी पडते. त्यांत हा तपास मला क्वचितच सापडतो. सापडते ती अॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी. व्हायरल घशाला तीच पट्टी, जिवाणूच्या घशालाही तीच, आणि घसा धड असून नुसतं नाक वाहत असलं तरी तीच.

आजचा माझा मुद्दा एवढाच आहे की टॉन्सिलच्या आजारावर आपल्याकडे औषधं गरजेपेक्षा फार जास्त दिली जातात आणि ज्या थोड्या मुलांना त्यांची खरी गरज असते, त्यांनाच ती अपुरी मिळतात. या दोन गोष्टी एकाच पट्टीतून कशा घडतात, ते सांगतो.

दर्यापूरकडची एखादी आई येते आणि खुर्चीवर बसायच्या आत सांगते, "डॉक्टरसाहेब, कालपासून पोराले ताप हाय, अन् थुका गियायले बी होत नाही. गयात गाठी आल्या त्याच्या." या दोन वाक्यांत तिनं जे सांगितलं ते पुस्तकातल्या वर्णनापेक्षा कमी नाही. 'कालपासून' म्हणजे अचानक सुरुवात. थुंकी गिळता येत नाही म्हणजे दुखणं घशाच्या दाराशी आहे. 'गाठी' म्हणजे तिनं जबड्याच्या कोनाखाली हात लावून पाहिलाय. आता तिला मी फक्त तीन प्रश्न विचारतो. खोकला आहे का? नाक वाहतंय का? आवाज बसलाय का? ती तिन्हींना नाही म्हणाली, तर मी सरसावून बसतो. तिन्हींना हो म्हणाली, तर माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. याचं कारण पुढे येईल.

आधी टॉन्सिल म्हणजे काय ते बघू. तोंड उघडून आरशासमोर उभे राहा. मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना कमानी आहेत, प्रत्येक बाजूला एक पुढची आणि एक मागची. या दोन कमानींच्या बेचक्यात जो मांसल गोळा बसलेला दिसतो, तो टॉन्सिल. सुश्रुतसंहितेत तालूच्या रोगांत 'तुण्डिकेरी' नावाची एक सूज वर्णिली आहे आणि टीकाकारांनी तिचा संबंध कापसाच्या फळाशी लावला आहे. बाकीच्या महाराष्ट्रात हे समजावून सांगावं लागेल, वऱ्हाडात नाही. फुटायला आलेलं बोंड, कुठे कुठे पांढरा ठिपका डोकावतोय, हे ज्यानं पाहिलंय त्याला सुजलेलं टॉन्सिल वेगळं दाखवायची गरज नाही.

या गोळ्याचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर दहा-वीस खोल खाचा असतात. आपण जे खातो, श्वासाबरोबर घेतो, त्यातले जंतू या खाचांत अडकतात, तिथल्या पेशी त्यांची ओळख करून घेतात आणि शरीराला प्रतिपिंडं तयार करायला लावतात. असाच ऊतीचा पट्टा नाकाच्या मागे अॅडेनॉइड म्हणून आहे, जिभेच्या मुळाशीही आहे. हे सगळं मिळून घशाभोवती एक कडं होतं. जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डायर यांनी १८८४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला वाल्डायरचं कडं म्हणतात. चौथ्या ते आठव्या वर्षांत टॉन्सिल सगळ्यात मोठी असतात, कारण त्याच वयात मूल नवनव्या जंतूंना भेटत असतं. पुढे ती आपोआप आक्रसतात. त्यामुळे सहा वर्षांच्या हसऱ्या-खेळत्या पोराच्या तोंडात टॉर्च मारून 'टॉन्सिल वाढलेत' असं कुणी सांगितलं, तर घाबरू नका. त्या वयात ती मोठीच असतात.

खाचांत अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी साचून कधी कधी पिवळट पांढरे खडे तयार होतात. खोकताना एखादा बाहेर पडतो, चिरडला तर घाण वास येतो. कॉलेजातली मुलं हे खडे कागदात गुंडाळून, चेहरा पाडून माझ्याकडे येतात. कॅन्सर नाही, पू नाही, टीबी नाही. गुळण्या करा आणि विसरा.

आता आजार. घसा दुखण्याच्या बहुतेक प्रसंगांत विषाणू असतात. सर्दीचे, फ्लूचे, अॅडिनोव्हायरसचे, आणि करोनाचेही. यांच्या मागे लागून जिवाणू शोधण्यात अर्थ नसतो, कारण हे विषाणू तीन ते सात दिवसांत आपले जातात. जिवाणूंमध्ये महत्त्वाचा एकच, गट 'अ' चा स्ट्रेप्टोकोकस. घसा दुखतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्या मुलांत साधारण शंभरात पंधरा ते तीस जणांत तो सापडतो, मोठ्या माणसांत पाच ते पंधरा जणांत. म्हणजे प्रत्येक दुखऱ्या घशाला प्रतिजैविक द्यायचं ठरवलं, तर मुलांतसुद्धा दहापैकी सात वेळा तरी ते वाया जातं.

हे ओळखायचं कसं? रॉबर्ट सेंटर या अमेरिकी डॉक्टरनं १९८१ मध्ये चार खुणांचा एक साधा हिशेब मांडला. ताप, टॉन्सिलवर पांढरा थर किंवा ठिपके, मानेच्या पुढच्या बाजूला दुखणाऱ्या गाठी, आणि खोकला नसणं. प्रत्येकाचा एक गुण. पुढे १९९८ मध्ये मॅकआयझॅक यांनी त्यात वयाचा गुण घातला: तीन ते चौदा वर्षांच्या मुलाला एक जादा, पंचेचाळिशीपुढच्याला एक वजा. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज, लाल डोळे ही विषाणूची बाजू. म्हणून मी त्या आईला आधी खोकल्याचं विचारतो. स्ट्रेप्टोकोकसच्या मुलाला डोकं दुखतं, पोट दुखतं, उलटी होते, पण खोकला सहसा नसतो. पोट दुखतंय म्हणून जंताचं औषध पाजलेली आणि घसा कुणी पाहिलाच नाही अशी मुलं मी बरीच पाहिली आहेत.

पण एक लक्षात घ्या. चारही खुणा असल्या तरी स्ट्रेप्टोकोकस साधारण निम्म्यांतच सापडतो. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी पाहून आम्ही डॉक्टर मंडळी छापा-काटाच करत असतो. पांढरे ठिपके दिसले म्हणजे जिवाणूच, असं छातीठोकपणे सांगणारा डॉक्टर मला तरी अजून पटलेला नाही. एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूनं तरुणांत टॉन्सिलवर असा पांढरा थर येतो की ठिपक्यांचं काय सांगावं, आणि अशा वेळी अॅमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ उठतं. पेशंटला वाटतं औषधाची अॅलर्जी आहे, आणि तो आयुष्यभर प्रत्येक दवाखान्यात तेच लिहून देत राहतो.

इथे काडी लागते. दोन्ही टॉन्सिलवरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून फिरवायची, जीभ आणि गालाला न लावता. रक्तमिश्रित माध्यमावर ती टेकवली की एक-दोन दिवसांत वाढ दिसते. स्ट्रेप्टोकोकस आजूबाजूच्या रक्तपेशी फोडतो, म्हणून त्याच्या वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक वलय पडतं. पाच-दहा मिनिटांत सांगणारी रॅपिड चाचणीही जगात आहे, करोनाच्या रॅपिडसारखीच. आपल्याकडे मेडिकल कॉलेजं आहेत, अमरावतीला पंजाबराव देशमुख स्मृती महाविद्यालय, अकोल्याला शासकीय महाविद्यालय आणि सर्वोपचार. सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. सामग्रीचा तुटवडा हे माझ्या मते खरं कारण नाही. रुग्णाला आजच्या आज गोळी हवी असते आणि डॉक्टरला आजच्या आज पेशंट खूश हवा असतो, एवढंच कारण आहे.

पण दोन दिवस थांबलं तर बिघडतं का? नाही, आणि हे सगळ्यांनी नीट ऐकावं. प्रतिजैविकानं घशाचं दुखणं जेमतेम एखाद्या दिवसानं कमी होतं. दुखण्यावर खरा उतारा म्हणजे वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या आणि मऊ खिचडी. मुलांना अॅस्पिरिन मात्र देऊ नका. प्रतिजैविक आपण घशासाठी देतच नाही. ते देतो हृदयासाठी, आणि त्याला नऊ दिवसांची मुदत आहे. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं, तर ऱ्हुमॅटिक ताप टळतो. रिपोर्टसाठी दोन दिवस थांबायला भरपूर जागा आहे.

ऱ्हुमॅटिक ताप म्हणजे काय, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण टॉन्सिलबद्दल बोलताना हीच गोष्ट सगळ्यात कमी सांगितली जाते.

स्ट्रेप्टोकोकसच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयाच्या, सांध्यांच्या आणि मेंदूतल्या काही ऊतींशी मिळतीजुळती असतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि त्यांतली काही चुकून आपल्याच ऊतींवर जाऊन बसतात. हे लगेच होत नाही. घसा दुखतो, ताप येतो, दोन-तीन गोळ्यांनी उतरतो, मूल शाळेत जायला लागतं, सगळे विसरतात. दोन ते चार आठवड्यांनी एके दिवशी गुडघा सुजतो. दोन दिवसांनी गुडघा बरा आणि घोटा सुजतो. मग कोपर. दुखणं एका सांध्यावरून दुसऱ्यावर जातं, आणि प्रत्येक वेळी आधीचा सांधा मागे काही न सोडता सुधारतो. पाच ते पंधरा वयातल्या मुलाचे सांधे असे पाळीपाळीनं दुखले, तर आईनं महिन्यामागचा घसा आठवून डॉक्टरला सांगावा. डॉक्टरनं विचारला नाही तरी सांगावा.

कधी सांधे दुखतच नाहीत. दुसऱ्या एका रूपात मुलीचं अक्षर बिघडतं. सुंदर लिहिणारी मुलगी वेडंवाकडं लिहायला लागते, हातातून पेला पडतो, चेहरा वेडावल्यासारखा हलतो, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली तर ती आत-बाहेर होते. शाळेत मार बसतो, घरी बाहेरची बाधा म्हणून उतारे होतात. इंग्रज वैद्य सिडनहॅम यांनी सतराव्या शतकातच याचं वर्णन केलं होतं. इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की एखाद्या मुलीचं अक्षर महिनाभरात असं बिघडलं, तर छडी ठेवा आणि तिला दवाखान्यात पाठवा.

सांधे बरे होतात, हातवारे थांबतात. हृदयाच्या झडपा मात्र बऱ्या होत नाहीत. डाव्या बाजूची मायट्रल झडप हळूहळू जाड होते, चिकटते, अरुंद होते. आपल्या देशात हे फार लवकर होतं, विशी-पंचविशीतच झडप इतकी आवळलेली मिळते. बऱ्याच बायकांना पहिला धक्का बसतो तो बाळंतपणात. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, अरुंद झडपेतून ते पुढे जाईना, फुप्फुसात पाणी साचतं. ज्या बाईला कधीच काही झालं नव्हतं, ती सातव्या महिन्यात डफरीन किंवा लेडी हार्डिंग रुग्णालयात धाप लागून येते, आणि तिथून नागपूर किंवा सेवाग्रामची धावपळ सुरू होते. बारा वर्षांपूर्वी कधीतरी तिचा घसा दुखला होता, हे कुणाला आठवणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे साडेपाच कोटी लोकांना ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे आणि वर्षाला जवळपास ३ लाख ६० हजार माणसं त्यानं मरतात. युरोप-अमेरिकेत हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. राहणीमान सुधारलं, घरं मोठी झाली, पेनिसिलिन आलं. दाटीवाटीत राहणाऱ्या माणसांत तो राहिला. एका खोलीत दहा-बारा मुलं झोपणारी वसतिगृहं, आश्रमशाळा, सालदाराची एक खोली; स्ट्रेप्टोकोकसला एवढं पुरतं.

पेनिसिलिननं ऱ्हुमॅटिक ताप टळतो हे नीट सिद्ध झालं ते १९५० मध्ये, अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या वॉरेन हवाई तळावर. तिथे तरुण सैनिकांच्या बराकींमध्ये स्ट्रेप्टोकोकसच्या घशाची साथ कायमचीच होती. डेनी, वॅनामेकर, रॅमलकॅम्प आणि सहकाऱ्यांनी ७९८ जणांना पेनिसिलिन दिलं, ८०४ जणांना दिलं नाही. पहिल्या गटात दोघांना ऱ्हुमॅटिक ताप आला, दुसऱ्यात सतरा जणांना. दुसऱ्या गटातल्या तरुणांचं काय झालं असेल, हा विचार मनात येतो, आणि आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही. पण तेव्हापासून हिशेब पक्का आहे.

आणि आता नवल ऐका. इतक्या वर्षांत बाकीचे जिवाणू एकेका औषधाला दाद देईनासे झाले, पण हा स्ट्रेप्टोकोकस पेनिसिलिनला अजून दाद देतो. साधं, जुनं, स्वस्त पेनिसिलिन किंवा अॅमॉक्सिसिलिन, दहा दिवस. किंवा बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन. अॅझिथ्रोमायसिनला मात्र दाद न देणारे स्ट्रेप्टोकोकस भारतातही मिळतात. म्हणजे नेमकं जे औषध खात्रीचं आहे ते आपण सोडलं आणि ज्याची खात्री नाही ते तीन गोळ्यांत देऊन मोकळे झालो. ज्या मुलाला काहीच लागत नव्हतं त्यालाही ती पट्टी मिळाली, आणि ज्याला दहा दिवस लागत होते त्यालाही तीच. तिसऱ्या दिवशी दोघांचाही ताप उतरला, दोन्ही आया म्हणाल्या औषध लागू पडलं.

अॅमॉक्सिसिलिन लिहून दिलं तरी दहा दिवस कोण पुरं करतं? चौथ्या दिवशी मूल गल्लीत क्रिकेट खेळत असतं, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात जातात. पुढच्या वेळी त्या धाकट्या भावाला दिल्या जातात. पेनिसिलिनच्या इंजेक्शनची भीती वेगळीच. रिअॅक्शनच्या एखाद्या गोष्टीवरून कित्येक दवाखान्यांनी ते ठेवणंच बंद केलं. रिअॅक्शन होते, क्वचित होते, आणि त्यासाठी अॅड्रिनॅलिन हाताशी ठेवून, अर्धा तास पेशंटला बसवून ठेवून ते द्यायचं असतं. इतकी साधी तयारी.

याच्या उलट एक रोग आहे, तो म्हणजे ए.एस.ओ. चा रिपोर्ट. पोराच्या पोटऱ्या रात्री दुखतात, कुणीतरी रक्त तपासायला सांगतं, ए.एस.ओ. वाढलेला येतो आणि पोराला दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन सुरू होतं. ए.एस.ओ. एवढंच सांगतो की अलीकडे कधीतरी स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला. शाळकरी मुलांत तो येतच राहतो. त्या कागदावरून ऱ्हुमॅटिक तापाचं निदान होत नाही. त्यासाठी डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये घालून दिलेले आणि २०१५ मध्ये सुधारलेले निकष आहेत, सोबत हृदयाची सोनोग्राफी आहे. जिथे द्यायला हवं तिथे इंजेक्शनची भीती, आणि जिथे नको तिथे वर्षानुवर्षं. असं आपलं चाललंय.

आता ऑपरेशनबद्दल, कारण निम्मे लोक त्यासाठीच आले असतील. टॉन्सिल काढणं फार जुनं आहे. रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकात बोटानं सोडवून काढायची रीत लिहिली आहे. आपल्या सुश्रुतानं पडजिभेची शस्त्रक्रिया सांगताना जास्त कापलं तर रक्तस्रावानं रोगी दगावतो, असं बजावून ठेवलंय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत याची फॅशनच आली. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एक हजार शाळकरी मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ६१ टक्क्यांची टॉन्सिल आधीच काढलेली होती. उरलेली मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ४५ टक्क्यांना ऑपरेशन सांगितलं. जी 'चांगली' ठरली ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी ४६ टक्क्यांना सांगितलं. त्यातून वाचलेली तिसऱ्यांना दाखवली, पुन्हा ४४ टक्के. शेवटी हजारात पासष्ट मुलं उरली. टॉन्सिल किती वाईट आहे यापेक्षा बघणाऱ्याची सवय काय आहे, यावर ऑपरेशन ठरत होतं. मी हा अभ्यास माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. तो ऐकून त्यांना हसू येतं, आणि मग सांगतो की हसू नका.

आज आम्ही काही मोजमाप पाळतो. पिट्सबर्गच्या जॅक पॅरडाइज यांनी १९८४ मध्ये घातलेलं ते आहे. नीट नोंदलेले झटके वर्षात सात, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी तीन. 'नोंदलेले' हा यातला खरा शब्द. 'दर महिन्याला होतं हो त्याला' हे धरत नाहीत. एक वही करा. तारीख, ताप, ठिपके होते का, मानेत गाठी होत्या का. वही केली की दर महिन्याचे झटके वर्षात तीन-चारवर येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मुलांत ऑपरेशनचं दुसरं, आणि आता जास्त मोठं कारण म्हणजे श्वास. मूल रात्री मोठ्यानं घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, मधेच श्वास थांबतो आणि मग दचकून, धापा टाकत उठतं. दिवसा चिडचिडं, वर्गात पेंगणारं, कधी अंथरूण ओलं करणारं. टॉन्सिल आणि अॅडेनॉइड मिळून वाट बुजवतात. अशा मुलाचं ऑपरेशन झाल्यावर आईवडिलांना पहिल्या काही रात्री उलट शांततेचीच धास्ती वाटते. एक मात्र सांगतो: ऑपरेशननंतर पाचव्या ते दहाव्या दिवसांत खपली सुटताना रक्त येऊ शकतं. त्या आठवड्यात लग्नाला म्हणून पोराला घेऊन धारणीच्या पलीकडे जाऊ नका. रात्रीतून परत यायला लागलं तर घाट आहे.

रात्रीचं बोललोच आहोत, तर घाईनं कधी निघायचं तेही ऐका. एका बाजूचं दुखणं दुसऱ्यापेक्षा फार जास्त, तोंड दोन बोटंही उघडत नाही, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा, लाळ गळते: टॉन्सिलच्या मागे पू झालाय, तो काढावा लागतो. श्वासाला घरघर, मूल पुढे झुकून बसलेलं, आडवं व्हायला तयार नाही: त्याच्या तोंडात चमचा घालून बघू नका, थेट न्या. आणि राखाडी, चिवट पापुद्रा, पुसायला गेलं की रक्त, मान बैलासारखी सुजलेली: हा घटसर्प. लशीमुळे तो कमी झाला, संपला नाही. लस घ्यायची ती अशी: सहा, दहा, चौदा आठवडे, दीड-दोन वर्षं, पाच-सहा वर्षं, मग दहा आणि सोळा वर्षं. बाळाचे पहिले तीन सगळे घेतात, शाळेतले शेवटचे दोन सगळे विसरतात.

समोरून चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या तीनच घेतो.

पहिली: बर्फाचा गोळा, दही आणि बोरं-चिंचा यांनी टॉन्सिल होतात का? अकोल्याच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, पोराला गोळा नको म्हणणं मला जमणार नाही. गारव्यानं स्ट्रेप्टोकोकस जन्मत नाही. तो येतो दुसऱ्याच्या खोकल्या-शिंकेतून, एकाच पेल्यातून, शेजारच्या अंथरुणातून. गाडीवरचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे, ही चिंता वेगळी आणि ती जरूर करा. पण त्या पाण्यानं होतं ते पोटात. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर आम्ही आइस्क्रीम खायला सांगतो, हे इथल्या काही आज्यांना अजून मान्य नाही.

दुसरी: पडजीभ पडली म्हणून बोटानं उचलून घेतली तर चालेल का? नाही. पडजीभ पडत नाही, सुजते. घाण बोट आणि राख तिथे नेऊ नका.

तिसरी चिठ्ठी एका वडिलांची आहे. मुलीला ऱ्हुमॅटिक ताप होऊन गेलाय, झडपेला थोडा दोष आहे, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन चालू आहे, ते कधी थांबवायचं? हृदयाला काही झालं नसेल तर पाच वर्षं किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत, यांतलं जे उशिरा येईल ते. हृदयाला सूज येऊन गेली पण झडप शाबूत राहिली तर दहा वर्षं किंवा एकवीस. झडपेत दोष राहिला असेल, तुमच्या मुलीसारखा, तर चाळिशीपर्यंत, कधी त्याहून पुढेही. प्रत्येक नवा स्ट्रेप्टोकोकसचा घसा त्या झडपेचं आणखी नुकसान करतो, म्हणून हे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीत हा आजार आहे. मुख्याध्यापकांकडे तिचं नाव नोंदवा, म्हणजे परीक्षेच्या दिवशी इंजेक्शन आलं तरी कुणी अडवणार नाही. दातांची कामं करायची असली तर आधी दंतवैद्याला झडपेचं सांगा. आणि इंजेक्शनच्या तारखांचं कार्ड तिच्या स्वतःच्या हातात राहू द्या, तुमच्या कपाटात नको. उद्या शिकायला पुण्याला गेली किंवा लग्न होऊन यवतमाळला गेली, तर पहिल्याच महिन्यात तिनं ते तिथल्या डॉक्टरला दाखवायचं. गरोदरपणातही हे इंजेक्शन चालतं, ते बंद करायचं नसतं. फक्त दिवस राहण्याचा विचार करण्याआधी एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.